पेठेतलं जुनं घर घेताय? कोल्हापुरात आधी हे तपासा

सागवानी तुळया बघून भुलू नका, आधी पुराचं बघा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पुरात नदीचं पाणी जयंती नाल्यात मागे फिरून फुगवटा येतो, म्हणून नदी लांब असूनही दसरा चौकाजवळचा सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर पाण्यात जातात. रंग ताजा असेल तर भिंतीवरची रेघ दिसणार नाही. शेजाऱ्यांची भिंत बघा, विजेचा मीटर किती वर बसवलाय तेही बघा.

मग कागद. वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. पत्रिकेवर सत्ता प्रकार (जागा कोणत्या हक्कानं धरलीय ते) 'ब' असेल तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते का, हे विसारापूर्वीच विचारा. जुन्या घरात नावं ढीगभर असतात. मुंबई-पुण्याला गेलेल्या बहिणीचं हक्कसोडपत्र नसेल तर व्यवहार तिथंच अडतो. किमान 30 वर्षांचा सर्च (जुन्या खरेदी-गहाणाच्या नोंदींचा शोध) काढा, पेपरात जाहीर नोटीस द्या. तळमजल्यावर भाडेकरू असेल तर "खाली करून देतो" या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत. रिकामा ताबा करारात लिहून घ्या.

आता इमारत. खांब जिथं दगडी तळखड्यावर टेकतो आणि तुळई जिथं भिंतीत शिरते, त्या दोन जागी स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड सडलंय किंवा वाळवीनं पोकळ केलंय. बाकी खांब ठणठणीत असेल तर पायथ्याचा तेवढाच तुकडा सांधून बदलता येतो, पण आधी तुळईला जॅक लावून भार उचलायला हवा.

खरं नुकसान सिमेंट करतं. माती-चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वर चढते आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे सुटतात. खराब गिलावा खरवडा, सांधे मोकळे करा, भिंत वाळू द्या. एक भाग चुना, अडीच-तीन भाग वाळू असा गिलावा दोन हातांत (थरांत) करा. आठवडाभर तो ओलसर ठेवा, नाहीतर तडे जातात. गवंडी "थोडं सिमेंट टाकूया" म्हणणारच, नको म्हणा.

चुन्याचं काम थंडीत, कौलांची शाकारणी वळीव यायच्या आत उरकून घ्या.