हार्वेस्टिंगचं 'काहीतरी करून द्या' म्हणणाऱ्यांनी या चुका टाळा

मे महिना लागला की नागपुरात माझा फोन खणखणायला लागतो. "भाऊ, भोगवटा प्रमाणपत्राची फाइल अडली आहे, हार्वेस्टिंगचं काहीतरी करून द्या." हे 'काहीतरी' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम केलं, की पावसाचं पाणी जिरवायची किंवा साठवायची सोय, म्हणजेच हार्वेस्टिंग, सक्तीची आहे. ती नसेल तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार लागू शकतो. "एवढेच ना, भरून टाकू" म्हणणारेही भेटतात. त्यांचं काम मी घेत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काळ्या मातीत संपणारा शोषखड्डा. मानेवाड्याकडची एक चार मजली फ्लॅट स्कीम होती. ठेकेदाराला घाई, मालकाला त्याहून जास्त. खड्डा, गिट्टी, रेती, झाकण, फोटो, झालं काम. मी दुसऱ्या साइटवर होतो आणि फोटो पाहूनच सही केली. ती चूक माझी. ऑगस्टमध्ये तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "भिंतीला ओल येऊन राहिली अन् मच्छरांनी जीव घेतला." पाऊस थांबून तीन दिवस झाले होते, तरी झाकण उचललं तर पाणी काठोकाठ. उपसल्यावर कळलं, खड्डा जेमतेम पाच फूट आणि तळाला चिकट काळी माती. ही माती भिजली की फुगते आणि पाण्याची वाटच बंद करते. मुरूम लागला नऊ फुटांवर. पायाला खेटून आम्ही चक्क टाकं बांधलं होतं! भिंतीला किंवा पायाला ओल येता कामा नये, हेही त्याच नियमात लिहिलेलं आहे.

तेव्हापासून खड्डा मी उन्हाळ्यातच खोदतो, मुरूम लागेपर्यंत थांबत नाही. गिट्टी टाकण्याआधी संध्याकाळी दोन ड्रम पाणी ओततो, काठीला खूण करतो आणि सकाळी स्वतः जाऊन बघतो. पाणी उतरलं नसेल तर जागा बदलतो. एक रात्र थांबायची ज्यांची तयारी नसते, ते मग पावसाळाभर फोन करत बसतात.

खड्डा चांगला झाला तरी सगळं पाणी तो पिणार नाही. २०० चौरस मीटर स्लॅबवर १०० मिमी पाऊस म्हणजे २०,००० लिटर. १.२ बाय १.२ मीटरचा, अडीच मीटर खोल खड्डा रिकामा असला तर ३,६०० लिटरचा. गिट्टी भरल्यावर त्यात दीड हजारसुद्धा मावत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे काही तासांतच १०० मिमीच्या वर पाऊस झाला आणि नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप पावसाळी नालीत काढाच.

नालीतच, गडर लाईनमध्ये, म्हणजे मैल्याच्या गटारात नाही. गच्चीचा पाइप जवळच्या चेंबरमध्ये खुपसणं हा प्लंबरांचा आवडता शॉर्टकट. गडर लाईन घरच्या सांडपाण्यापुरती असते. जोराचा पाऊस आला की ती तुंबते आणि तळमजल्याच्या संडासातून घाण वर येते. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, "आमच्याकडे तर काही नाही बुवा."

प्लिंथची, म्हणजे जोत्याची उंची प्लॉटच्या मातीपासून मोजू नका, रस्त्यापासून मोजा. सिमेंट रोड झाल्यावर किती घरं खड्ड्यात गेली, ते आपण पाहतोच आहोत.

अंगणभर गट्टू (पेव्हर ब्लॉक) ठोकू नका, पाणी मुरायला कडेने हातभर माती राहू द्या.

प्लॉटमधला नाला उन्हाळ्यात कोरडा असतो म्हणून तो बुजवून टाकू नका. नाग किंवा पिवळी नदीच्या काठी घर बांधणार असाल तर आधी निळी पूररेषा बघा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती हद्द आहे, तिच्या आत नवं घर नाही.

पाइपांच्या तोंडाला जाळी आणि पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, दोन्ही नियमात आहेत. व्हॉल्व्ह बसवतात सगळे, फिरवत कुणीच नाही. मी तो पार्किंगमध्ये पाण्याच्या मीटरशेजारी बसवतो आणि लाल रंगवतो. कोपऱ्यात, कुंडीमागे दडवलेला व्हॉल्व्ह वॉचमनलाही सापडत नाही.