जर्मनीत नवीन आलात? बँक खातं असं उघडा

आधी आनमेल्डुंग करा, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, घरात राहायला आल्यापासून 14 दिवसांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. नोंदणीचा कागद आणि पासपोर्ट, व्हिसा घेऊन बँकेत जा किंवा ऑनलाइन अर्ज करा, पण ऑनलाइन व्हिडिओ ओळखपडताळणीत भारतीय पासपोर्ट चालतोच असं नाही, मग पोस्टात जाऊन पोस्टआयडेंट, म्हणजे तिथल्या काउंटरवर ओळखपडताळणी, करावं लागतं.

नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं ते गाळलंत की अर्ज अडकतो. आणि प्लीज, लेटरबॉक्सवर स्वतःचं आडनाव लावा!! कार्ड, पिन, टॅक्स आयडी सगळं पोस्टाने येतं, नाव दिसलं नाही तर पोस्टमन सरळ परत नेतो.

खातं गिरोकोंटोच, म्हणजे रोजच्या व्यवहारांचं चालू खातं, मागा, पगार, भाडं सगळं त्यातूनच होतं. महिन्याची फी आधी विचारा, काही ठिकाणी ठरावीक पगार जमा झाला तरच माफ असते. बँक नाही म्हणाली तर बाझिसकोंटो, म्हणजे मूलभूत सोयींचं साधं खातं, मागा, 2016 पासून तो कायदेशीर हक्क आहे, घाबरू नका. विद्यार्थ्यांचं व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं ब्लॉक्ड अकाउंट वेगळं, त्यातले दरमहाचे पैसे तुमच्या गिरोकोंटोत येतात.