भाव बदलला, मग पट्टीत कालचाच कसा?

सावद्याला मामांचा केळीचा व्यापार. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या छापायला मी त्यांना पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम करून दिला. भाव रोज बदलतो, म्हणून तो वेगळ्या फाइलीत ठेवला. मामांनी नोटपॅडमध्ये ‘भाव = 1450’ लिहायचं, प्रोग्रॅमनं ती ओळ एक्झेकनं (exec, मजकूर कोड म्हणून चालवणारं पायथनचं फंक्शन) चालवायची. (पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, मामा त्यावरच खूश.) घरी करून पाहिलं, चाललं. मग सगळं एका फंक्शनमध्ये भरलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, “भो, हा कालचाच भाव दाखोतो!” 20 क्विंटलची पट्टी 29000 ऐवजी 24000 ची. एरर काहीच नाही.

फंक्शनच्या सुरुवातीला मी ‘भाव = 1200’ लिहून ठेवलं होतं, फाइल नसली तर असावा म्हणून. तिथंच फसलो. फंक्शनमधली स्वतःची नावं कोणती, हे पायथन ते चालवण्याआधीच ठरवतो. एक्झेकला दिलेली ओळ तेव्हा नुसती अक्षरं असते. ती चालते तेव्हा तिचा ‘भाव’ वेगळ्या डिक्शनरीत (नावं आणि त्यांच्या किमती ठेवायची वही) पडतो, फंक्शनचा 1200 जागचा हलत नाही. पानं मांडून झाल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं: जेवतो, पण ओसरीवर. माझी 1200 ची ओळ काढली तर सरळ नेमएरर (असं नावच नाही, ही तक्रार) येतो, आणि खरं तर तेच बरं. फंक्शनबाहेर ग्लोबल (सगळ्या प्रोग्रॅमची) आणि लोकल (त्या जागेपुरती) डिक्शनरी एकच असते, म्हणून घरी चाललं होतं.

लोकल्स(), म्हणजे locals(), लोकल नावांची डिक्शनरी देतं; त्यातून तो भाव उचलायचा जुगाड करू नका. नव्या नावांसाठी तो पूर्वी चालायचा. 2024 च्या पायथन 3.13 पासून फंक्शनमध्ये लोकल्स() दर वेळी नवी प्रत देतं, त्यात एक्झेकनं लिहिलेलं नसतं.

आपली डिक्शनरी आपणच द्यायची. मी तिला ‘खातं’ म्हणतो. त्यात वजन 20, भाव 1200 भरा, एक्झेकला ओळीच्या मागोमाग तेच द्या, आणि नंतर भाव खात्यातूनच वाचा. डिक्शनरी एकच द्या. ग्लोबल वेगळी, लोकल वेगळी दिली, की ओळींमध्ये मामांनी (म्हणजे मीच) लिहिलेल्या फंक्शनला लोकलमधला भाव दिसत नाही.

फंक्शनच्या आत लिहिलेल्या फंक्शनमध्ये इव्हॅल (eval, मजकुरातलं गणित करून उत्तर देणारं) वापरलं तरी असंच: बाहेरच्या फंक्शनचं नाव आतल्या कोडमध्ये प्रत्यक्ष आलेलं नसेल, तर इव्हॅलला ते सापडत नाही. तिथंही खातं द्या.

हे खातं कुलूप नव्हे. फाइलीत कुणी भलतं काही लिहिलं तर तेही चालेल. नुसते आकडे वाचायचे असतील तर पायथनच्या एएसटी (ast) मॉड्यूलमधलं लिटरल-इव्हॅल पुरतं; ते नुसत्या किमती वाचतं, कोड चालवत नाही.

एवढं करूनही एकदा पट्टी चुकली. मामांनी ‘भव = 1450’ लिहिलं होतं; खात्यात नवं नाव पडलं, भाव 1200 च राहिला. आता चालवण्याआधीची आणि नंतरची नावं ताडून पाहतो. बिल्टिन्सची (पायथनच्या तयार फंक्शनांची) एक नोंद पायथन स्वतःच खात्यात घालतो, ती सोडून जास्तीचं नाव दिसलं की पट्टी छापायचीच नाही.