सीएसआर निधी मागताना छोट्या संस्थांनी या चुका टाळा

नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे महाराष्ट्रातले चार आकांक्षित जिल्हे, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्र सरकारने निवडलेले. तिथे वर्षानुवर्षं पाय रोवून काम करणाऱ्या कितीतरी संस्था सीएसआर निधीच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाच्या बाबतीत मागे राहतात. काम कमी पडतं म्हणून नव्हे, प्रस्ताव कमी पडतो म्हणून. आणि प्रस्तावात सगळ्यात जास्त नडते ती एकच गोष्ट: संस्था आपला खरा खर्च मागतच नाहीत.

पण त्याआधीचा अडथळा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. जिथे कंपनीचं कामकाज चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात आहे. त्यामुळे ज्या तालुक्यात कारखाना नाही तिथल्या संस्था अर्जच करत नाहीत. हे प्राधान्य बंधनकारक नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. हा संदर्भ सरळ पत्रात द्या.

आता खर्चाकडे येऊ. शाळाबाह्य मुलांच्या केंद्राचा प्रस्ताव घ्या. पाट्या, पुस्तकं, सतरंज्या, शिक्षिकांचं मानधन एवढं अंदाजपत्रकात येतं. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या समन्वयकाचा पगार, तिचा प्रवासखर्च, हिशेबनिसाचं मानधन, लेखापरीक्षणाची फी, कार्यालयाचं भाडं हे सगळं गाळलेलं असतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: “प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर मागता येत नाही.”

हा समज चुकीचा आहे आणि त्याने संस्थांचं फार मोठं नुकसान केलं आहे. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यातून वगळलेला आहे. काम राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्चही त्या मर्यादेत धरायचा नाही. काही जण यात परदेशी निधीचा नियम मिसळतात. तो परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याचा. त्यातली प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, आणि ती फक्त परदेशातून आलेल्या पैशाला लागू.

म्हणून समन्वयकाचा पगार कार्यक्रमाच्या खर्चातच दाखवा, कारण तिच्याशिवाय कार्यक्रम नाही. हिशेब, भाडं, फी यांची वेगळी ओळ करा आणि पुढे एका वाक्यात कारण लिहा. काही कंपन्यांची स्वतःची अंतर्गत मर्यादा असते. ती पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. “आम्ही कमी पैशात करतो” हे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या कमीपणाची किंमत अर्ध्या पगारावर राबणारी कार्यकर्ती मोजत असते, आणि ती सोडून गेली की केंद्र बंद पडतं.

कागदपत्रांत आयकर खात्याच्या १२ए, ८०जी या नोंदण्या आणि १ एप्रिल २०२१ पासून लागणारा, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केल्यावर मिळणारा सीएसआर-१ क्रमांक बहुतेकांना माहीत असतात. अशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. गाडी अडते ती धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीवर. विश्वस्त वारले, नवे आले, पण बदल अर्ज कुणी केलाच नाही. मग प्रस्तावावर सही करणाऱ्याचं नावच अभिलेखात सापडत नाही. कायद्याने ९० दिवसांत करायचा हा अर्ज राहून गेला असेल तर निधीची वाट न पाहता आज दाखल करा आणि त्याची पोच प्रस्तावाला जोडा.

मार्चमध्ये अचानक येणाऱ्या पैशाबाबत सावध राहा. वर्ष संपायच्या आत खर्च दाखवण्याच्या घाईत संस्था नको त्या वस्तू खरेदी करून बसतात. काम वर्षभरात संपणारं नसेल, तर कंपनीच्या संचालक मंडळाकडून ते ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून मागा. असा प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालू शकतो, आणि न वापरलेली रक्कम कंपनीला ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते.

प्रस्तावाच्या भाषेबद्दल एवढंच: दुसऱ्याच्या प्रस्तावातून उचललेले जड शब्द काढा. किती मुलं, कोणत्या गावांतली, आज काय करतात, वर्षाने काय करतील, हे लिहा.

दुसरा हप्ता अडकला, तर बहुतेकदा कारण तीनांपैकी एक असतं. प्रकल्पाचा जमाखर्च वेगळा ठेवलेला नसतो. पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं, सनदी लेखापालाच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलेलं नसतं. किंवा खर्चाच्या एका शीर्षकातला पैसा दुसऱ्यावर लेखी परवानगीशिवाय खर्च झालेला असतो. शेवटच्या बाबतीत लपवाछपवी करू नका. झालेला बदल, त्याची तारीख आणि कारण लिहून मान्यता मागा. जीपवाला किंवा आठवडी बाजारातला विक्रेता छापील बिल देत नाही, ही दुर्गम भागातली खरी अडचण आहे. अशा खर्चासाठी सही, मोबाइल क्रमांक आणि कामाचा तपशील असलेलं व्हाउचर चालेल, असं करारातच लिहून घ्या.