दाणेदार माल मिक्स करायचाय? मिनिटं नंतर विचारा

गोव्यात वेर्ण्याला औषधी गोळ्यांच्या कारखान्यात नवीन लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ब्लेंडर, म्हणजे माल मिसळायचं मशीन, किती मिनिटं चालवायचा. अरे, आधी माल तर बघा. मूठभर घेऊन बोटांतून सोडा, साखरेसारखा सरसर पडला तर नुसता फिरणारा ड्रम पुरतो, म्हणजे डबल कोन (दोन शंकू जोडलेला), व्ही नाहीतर ऑक्टॅगोनल (अष्टकोनी) आकाराचा. मुठीत गोळा झाला तर रिबनवाला, म्हणजे आत पट्टी फिरवून ढवळणारा लागेल, ती वेगळी कथा.

खरा घोळ भरण्यात होतो. ५०० लिटरचा ड्रम म्हणून ५०० लिटर माल नाही घालायचा, ५० ते ६० टक्के बस, वर मोकळी जागा असली तरच दाणे घरंगळतात. बल्क डेन्सिटी ०.५, म्हणजे लिटरभर माल अर्धा किलो असेल तर ३०० लिटर म्हणजे १५० किलो. आमच्याकडे एकदा दोन बॅचचं काम एकात उरकायचं म्हणून जवळजवळ गळ्यापर्यंत भरला, अर्धा तास फिरवला, झाकण उघडतो तर निळे दाणे एका बाजूला जसेच्या तसे! खरं तर कान दिला असता तरी कळलं असतं, बरोबर भरलेला ड्रम प्रत्येक फेरीला सर्र आवाज करतो, त्या दिवशी नुसती मोटर घुमत होती.

ज्याचं प्रमाण थोडं आहे तो माल व्हीच्या एकाच पायात ओतू नका. डावी-उजवीकडे माल फार हळू सरकतो, वर-खाली पटकन मिसळतो, म्हणून दोन्ही पायांत सारखे थर.

आणि मिनिटं नाही, फेऱ्या मोजा. १० आरपीएमला १५ मिनिटं म्हणजे १५० फेऱ्या, छोट्या मशीनवर २५ आरपीएमला तेवढ्याच फेऱ्या ६ मिनिटांत होतात. मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालायची भुकटी) मात्र अगदी शेवटी, २ ते ५ मिनिटंच, जास्त फिरवलं तर गोळी मऊ पडते आणि विरघळायला वेळ लावते.

मिसळलं म्हणून सुटलो असं नाही हां. चिवड्याचा डबा कदंबाच्या बसमधून म्हापशाहून काणकोणला न्या, शेंगदाणे वर, मीठ-मसाला तळाला. सरसर वाहणारा माल तसाच, मिसळतो पटकन आणि वेगळाही होतो पटकन. बिन (माल काढून घ्यायचा डबा) ड्रमच्या व्हॉल्व्हच्या अगदी खाली लावा, उंचावरून सोडू नका, भरलेली बिन खडबडीत फरशीवरून ढकलत नेऊ नका. सॅम्पल वरच्यावर न घेता थीफने (आतला माल काढायची पोकळ सळई) खोलातून, कोपऱ्यांतून, व्हॉल्व्हजवळून घ्या.

पावसाळ्यात पिशवी उघडी टाकून चहाला गेलात तर आल्यावर गठ्ठे, मग परत चाळणी.

मशीनभोवतीच्या कठड्याच्या गेटचा इंटरलॉक (गेट उघडलं की मशीन थांबवणारा) बायपास करणारे महाभाग सगळीकडे असतात, त्यांच्या शिफ्टला हात आत घालायच्या आधी मेन स्विच स्वतः बंद करा आणि त्याच्या कुलपाची चावी खिशात ठेवा.