गावचं सांडपाणी: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

सिव्हिलचा डिप्लोमा करून मी सांडपाण्याच्या कामात आलो. पहिलं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं, दीड हजार वस्तीचं. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: सकाळी साडेसहाला बादली घेऊन गटार ओढ्याला मिळतं तिथं उभे राहा.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज 55 लिटर पाणी. त्यातलं 80 टक्के मोरीतून बाहेर पडतं असं धरलं, तर गावाचं रोजचं 66,000 लिटर होतं. चोवीस तासांत वाटलं की सेकंदाला पाऊण लिटर. पण सकाळी घराघरात आंघोळी, धुणी, भांडी एकाच वेळी चाललेली असतात. माझी 20 लिटरची बादली तेव्हा 9 सेकंदांत भरली. दुपारी दोनला त्याच बादलीला दीड मिनिट लागलं. गाळ बसवायची टाकी सरासरीवर बांधली तर सकाळच्या लोंढ्यात गाळ तळाला बसतच नाही, वाहून पुढे जातो. त्यात गोठा धुतला की शेण आणि वैरणीच्या काड्या येतात. त्या अडवणारी जाळी रोज कोण साफ करणार, हे नकाशा काढायच्या आधी ठरवा. मी पाहिलेली बंद पडलेली बहुतेक कामं जाळी आणि गाळ यांपायीच बंद पडली आहेत.

माझी मोठी चूक शोषखड्ड्यांची. नरेगाच्या कागदांत त्यांना कन्नडमध्ये 'बच्चलु गुंडी', म्हणजे मोरीचा खड्डा, म्हणतात. एप्रिलमध्ये खणले, तांबडी माती, ओतलेलं पाणी बघता बघता मुरत होतं. खालच्या आळीतली एक आजी म्हणाली, "बाळा, पावसात हितं पाणी वरनं येत न्हाई, खालनं येतंय." मी मान हलवली आणि पुढच्या घरी गेलो. जुलैत त्या ओळीतले सगळे खड्डे खालूनच भरले आणि मोरीचं पाणी अंगणात आलं. आजी एक शब्द बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी ऑगस्टमध्ये आसपासच्या विहिरींची पातळी मोजल्याशिवाय खड्ड्याची जागा ठरवत नाही. खड्ड्याचा तळ आणि ती पातळी यांच्यामध्ये दीड-दोन मीटर कोरडी माती हवी.

जागा असेल तिथं सांडपाणी शुद्ध करायची उघडी तळी उत्तम, वीज लागत नाही. त्यांचा रंग वाचायला शिका. हिरवं पाणी म्हणजे शेवाळं उन्हात प्राणवायू देतंय. गुलाबी छटा आली की घाण झेपेनाशी झाली असं समजा. काळं पडून वास सुटला तर प्राणवायू संपलाय. शेवाळामुळे दुपारी पीएच 9 च्या वर जातो, पहाटे उतरतो, म्हणून नमुन्यावर वेळ लिहायचीच. बीओडीचा (घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्या मापाचा) नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. तिथं तो 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात.

आता जीवाची गोष्ट. सेप्टिक टँकमध्ये कुणी उतरायचं नाही, कुणाला उतरवायचं नाही. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. कुजक्या अंड्यासारखा वास येईनासा झाला म्हणजे विषारी वायू गेला असं मानू नका. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. पंप लावलेली गाडी मागवा, थांबावं लागलं तरी चालेल.

आणि कन्नड शिका. गावात बोलणं मराठीत चालतं, पण ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप वही सगळं कन्नडमध्ये. मी आधी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो. स्वतः वाचायला लागल्यावर एका अंदाजपत्रकात गाळ काढण्याची रक्कमच धरलेली नाही हे दिसलं आणि पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) वेळेत सांगता आलं.

खालच्या आळीत आता शोषखड्ड्यांऐवजी जमिनीच्या वर बांधलेला खडीचा वाफा आहे, त्यात कर्दळ. पाणी खडीच्या चार बोटं खालून वाहतं. यंदा जुलैत आजीचं अंगण कोरडं होतं.