सिरोसिसच्या रुग्णाचा दात काढायचाय? गुठळी जपायची तयारी आधी करा

लिव्हर सिरोसिसच्या रुग्णाचा दात काढल्यावर रक्त बहुधा दवाखान्यातच थांबतं. त्रास होतो तो पुढच्या १२ ते २४ तासांत, कारण झालेली गुठळी टिकत नाही, विरघळते. गुठळी विरघळवणारं टीपीए नावाचं प्रथिन रक्तातून काढून टाकणं हे लिव्हरचं काम. लिव्हर थकलं की ते रक्तात रेंगाळतं. या विरघळण्याला आवर घालणारं अँटिप्लाझ्मिनही लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. त्यात लाळेचाही हातभार लागतो.

रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या आयएनआर तपासणीत यातलं काहीच दिसत नाही. शिवाय गोठणं रोखणारी प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन हीसुद्धा लिव्हरमध्येच बनतात आणि तीही घटलेली असतात. म्हणून आयएनआर १.८ आला म्हणजे रक्त पातळ झालं, असं समजू नका. केवळ तो आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) चढवायचा आग्रह तर मुळीच धरू नका. ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिली लागतो. तेवढ्याने पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो. आठवडाभर आधी सीबीसी, आयएनआर, क्रिएटिनिन आणि आवर्जून फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) करून घ्या. फायब्रिनोजेन १०० मिग्रॅ/डीएलच्या किंवा प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असतील तर लिव्हरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दात काढू नये.

वेळ सोमवार-मंगळवारी सकाळची घ्या, म्हणजे रात्री किंवा दुसऱ्या दिवशी रक्त आलं तरी डॉक्टर भेटतात. इंदुरात असाल तर शासकीय दंत महाविद्यालयात जा नाहीतर घराजवळच्या दवाखान्यात. फाइल सोबत हवीच. एका वेळी एक-दोनच दात. खड्ड्यात जिलेटिन स्पंज आणि वर टाका घालायला सांगा. मग गॉझ ३० मिनिटं सलग दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी उचलून पाहिलं की गुठळी गॉझला चिकटून निघते.

गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडचं पाणी डॉक्टरांना विचारून वापरा: ५०० मिग्रॅची गोळी बारीक कुटून १० मिली पाण्यात, दिवसातून ४ वेळा. तोंडात २ मिनिटं नुसतं धरायचं. गुळण्या नकोत, पिचकारीही नको. मान वाकवून बाहेर पडू द्यायचं. गिळायचं नाही. पोटातून किंवा शिरेतून हे औषध आपल्या मनाने तर कधीच देऊ नका. सिरोसिसमध्ये पोर्टल शिरेत गुठळी होण्याचा धोका आधीच असतो, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हाल्ट-इट चाचणीत पचनमार्गाच्या रक्तस्रावात ते शिरेतून देऊन मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांतल्या गुठळ्या मात्र वाढल्या.

खाणं आठवडाभर मऊ आणि कोमट. पोहे चालतील, पण वरची शेव नको: ती टोचते, आणि पोटात पाणी असेल तर तिच्यातलं मीठही नकोच. भुट्ट्याचा कीस थंड करून द्या. शिकंजी पेल्यानेच प्यायची. स्ट्रॉने ओढलं की गुठळी सुटते. दुखलं तर पॅरासिटामॉल, २४ तासांत २ ग्रॅमच्या आत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन पूर्ण बंद. मेडिकलवाल्याने दिलेल्या दातदुखीच्या गोळीतही ती असतात, मागची नावं वाचा. लॅक्ट्युलोज (अमोनिया कमी ठेवणारं पोट साफ करायचं औषध) चालू असेल तर चुकवू नका: गिळलेल्या रक्तातून अमोनिया वाढतो आणि माणूस बरळायला लागतो.

रात्री टॉर्च लावून पाहा. चांगली गुठळी काळपट, घट्ट, हिरडीच्या पातळीत असते. खड्ड्यातून वर आलेला, जेलीसारखा थुलथुलीत, लालभडक कडेचा गोळा दिसला तर ती जपायची गुठळी नव्हे. तिच्याखालून रक्त झिरपत असतं. ओल्या गॉझने ती पुसून काढा, त्याच ट्रानेक्झामिकच्या पाण्यात भिजवलेली घडी थेट खड्ड्यावर ठेवून ३० मिनिटं दाबा. थांबलं नाही तर आणखी एकदाच. तरीही झिरपत असेल, सुई टोचलेली जागाही पुन्हा वाहू लागली असेल किंवा अंगावर निळे डाग पसरत असतील तर लगेच निघा. रक्ताची उलटी, डांबरासारखी शौच किंवा गुंगी असेल तर घडीबिडी करत बसू नका. दंतवैद्याकडेही नाही, सरळ इमर्जन्सी असलेल्या रुग्णालयात न्या.